खाली ‘साभार’ लिहिलं की लेख आपला होतो का?

मावळखोरे:
एखाद्याचा किल्ल्यावरचा लेख घ्यायचा, ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ करायचं, दोन परिच्छेद खालीवर करायचे आणि शेवटी बारीक अक्षरांत ‘साभार’ लिहून आपल्या ब्लॉगवर चढवायचा. कोणाचे आभार, ते कुठेच नाही! मी याला चोरी म्हणतो. माहितीवर कोणाची मालकी नसते, कबूल. रायगडाची उंची कोणीही लिहावी. पण महादरवाज्याशी पोचल्यावर लिहिणाऱ्याला जे सुचलं, ते त्याचं. शब्द फिरवून ते तुमचं होत नाही.

तिरकस_तात्या:
मग देवलांना काय म्हणाल? त्यांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकाचं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं, तेही इंग्रजीमार्गे आलेलं. फाल्गुनराव आज कोणाला परका वाटतो? चांगलं दिसलं की उचलावं आणि आपल्या मातीत रुजवावं, अशीच आपली रंगभूमी वाढली. आणि कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सुप्रीम कोर्टाने 1978 साली आर. जी. आनंद खटल्यात सांगून ठेवलंय.

माळकरीण:
तात्या, त्याच निकालात पुढेही वाचा. दोन्ही कृती पाहिल्यावर दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं स्पष्ट वाटलं, तर तो कॉपीराइटचा भंगच, असंही कोर्ट म्हणतं. देवलांनी फाल्गुनराव नव्याने घडवला. ‘मी’चं ‘आम्ही’ करणाऱ्याने काय घडवलं?
परंपरेचंच म्हणाल तर ज्ञानेश्वर भाष्यकारांना वाट पुसत निघालो असं उघड सांगतात. आणि तुकोबांच्या अभंगांवर स्वतःचं नाव घालणारा सालोमालो होता, त्याच्यावर तुकोबांनी अभंगातूनच कोरडे ओढलेत. म्हणजे हे दुखणं काही इंटरनेटने आणलेलं नाही.

अर्धी_भाकरी:
मी इंग्रजीतले विज्ञानलेख मराठीत आणते. पैसे मिळत नाहीत. परवानगीसाठी मेल केली तर बहुतेक जण उत्तरही देत नाहीत. गावाकडच्या पोरांनी ते वाचायचंच नाही का? मूळ लेखकाचं त्यात काय जातं?

मावळखोरे:
ताई, हेतू चांगलाच आहे. पण अनुवादाचा हक्क कायद्याने मूळ लेखकाचा, आणि मौन म्हणजे होकार नव्हे. विकिपीडियावरून घ्या, तिथे श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून अनुवाद खुशाल करता येतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी मजकूर मुक्त होतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचं लेखन 2011 पासून मोकळं आहे. आणि नाव गाळू नका. हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणायचा लेखकाचा अधिकार कलम 57 खाली त्याच्याकडेच राहतो.

तिरकस_तात्या:
कलमं फेकू नका हो. कटाच्या आमटीची कृती लिहायला आता कोणाची सही आणू?

माळकरीण:
कोणाचीच नको. कट, गूळ, चिंच, गोडा मसाला ही यादी साऱ्या गावाची. पण ‘माझ्या सासूबाई कट गाळून घ्यायच्या नाहीत’ हे वाक्य एकीचं असतं, आणि तेसुद्धा जसंच्या तसं उचललेलं मी पाहिलंय. सासूबाईही उसन्या! फोटोबद्दल तर बोलायलाच नको.

अर्धी_भाकरी:
पण नाव देणार कसं? व्हॉट्सॲपवर लेख येतो तोच बिननावाचा. आवडला म्हणून लावला, तर मी चोर?

मावळखोरे:
चोर नाही, पण नाव सापडेपर्यंत थांबा. पहिली ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधा, बऱ्याचदा मूळ लेख निघतो. तारखा पाहा, सगळ्यांत जुना कोणता ते पाहा.

अर्धी_भाकरी:
आत्ताच एक शोधून पाहिला. तोच मजकूर पाच ठिकाणी, पाच वेगळ्या नावांनी. एकाखाली तर पु. लं.चं नाव आहे.

तिरकस_तात्या:
चला, एक नाव तरी बाद झालं.