मदत हवी आहे : पुराच्या गाळाखाली गेलेल्या भातखाचरांचे काय करावे?

वाशिष्ठीकाठ : परवाच्या पुरात आमच्या खाचरांत गाळ बसला आणि नुकतीच लावलेली रोपे त्याखाली गाडली गेली. तलाठी अजून आलेले नाहीत. गाळ काढायला घ्यावा की पंचनाम्यापर्यंत तसाच ठेवावा, हे कृपया लवकर सांगा, कारण लावणीचा हंगाम हातचा जात आहे.

दापोलीवाले : गाळ किती जाड आहे, मऊ आहे की रेवाळ, आणि भरतीचे पाणी शेतात चढले होते का, हे कळल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही.

जगबुडीकाठ : गाळ मुळीच काढू नका. 2005 च्या पुरानंतर आमच्याकडे मऊ पोयटा बसला होता. त्यातच चिखलणी करून आम्ही हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या भाताचे मोड आलेले बियाणे रहू पद्धतीने, म्हणजे रोपे न लावता थेट चिखलावर फेकले आणि पीक हाती आले.

महाडकर : पोयटा आणि रेव यांत फरक आहे. 2021 मध्ये सावित्री नदीने आमच्या शेतात दगडगोटे आणून टाकले, तिथे चिखलणी कशी करणार? तीन इंचांहून जाड गाळ असेल तर तो काढण्यासाठी पीकनुकसानीच्या मदतीहून वेगळी मदत असते, पण पंचनाम्यात दोन्हींची स्वतंत्र नोंद हवी. जाडी मोजतानाचे फोटो काढा, तलाठ्यांना लेखी कळवा आणि मगच गाळाला हात लावा. विमा असल्यास विमा कंपनीलाही लगेच कळवा.

चिपळूणवासी : कोयना वीजप्रकल्पाचे अवजल, म्हणजे वीज तयार केल्यावर सोडलेले पाणी, वाशिष्ठीत येते, नदीचे पात्र गाळाने भरलेले असते आणि त्यातच भरती आली की पाणी खाडीत उतरत नाही. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतरही यावर पुरेसे काम झालेले नाही, याची चर्चा आधी व्हायला हवी.

महाडकर : मुद्दा रास्त आहे, परंतु त्यांची रोपे आज गाडलेली आहेत.

खाडीपट्टा : विहिरीत पूर शिरला असेल तर उपसा करून ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय पाणी पिऊ नका.

वाशिष्ठीकाठ : तालुका चिपळूण. गाळ वीतभर आणि मऊ आहे. खाडीकडचा बांध फुटल्याने खालच्या खाचरांत खारे पाणीही आले. विमा नाही. सातबारा सामायिक असून चुलते मुंबईत असतात.

दापोलीवाले : खारे पाणी आले हे आधीच सांगायला हवे होते. खालच्या खाचरांत इतक्यात बियाणे फेकू नका. बांध बुजवून पावसाचे पाणी साठवा आणि ओहोटीला सोडून द्या, असे वारंवार करून क्षार धुऊन काढा, मग पनवेल-1 सारखे क्षार सोसणारे वाण मिळते का पाहा. वरच्या खाचरांत मात्र जगबुडीकाठ यांचा उपाय चालेल. चुलत्यांची संमतीपत्रे आजच मागवा, कारण सामायिक खात्यात त्यांच्यावाचून मदतीची रक्कम अडते.