स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा : आईला पहिल्यांदा काय ऐकवू?

लीथची_सांगलीकर
मंडळी, ऑक्टोबरात आई सांगलीहून माझ्याकडे एडिंबराला येतेय. आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकलेली बाई, पाश्चात्त्य वाद्यवृंद प्रत्यक्ष कधी ऐकलेला नाही. मला तिला स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्राला न्यायचंय. ऑफिसातला एक जण म्हणतो, चाळीसेक वादकांत काय मजा, मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रालाच ने. शिवाय यांच्याकडे मोझार्टच्या शेजारी हल्लीची एखादी रचनाही वाजते. ती आईला रुचेल का?

मंद्रसप्तक
ताई, बिनधास्त न्या. चाळीस वादक म्हणजे अपुरा वाद्यवृंद नव्हे. हेडन आणि मोझार्ट यांच्या सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचना, अशाच आटोपशीर ताफ्यासाठी लिहिलेल्या आहेत. व्हायोलिनं कमी असली की ओबो, बासून, बासरी या फुंकून वाजवायच्या वाद्यांपैकी प्रत्येकाचा सूर वेगळा कानावर येतो. आईंचे कान तर साथीचं ऑर्गन आणि गाणं वेगवेगळं ऐकायला सरावलेलेच आहेत.

जुन्या रचनांसाठी हे लोक झडपा नसलेले ट्रम्पेट आणि हॉर्न घेऊन बसतात. त्यांचा आवाज खरखरीत, उघडा असतो, मला फार आवडतो. २०१९पासूनचे प्रमुख वाद्यवृंद-संचालक मॅक्सिम येमेलियानिचेव्ह तर कधी कधी हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातल्या पट्ट्यांच्या वाद्यावर बसून, स्वतः वाजवतच अख्ख्या ताफ्याला पुढे नेतात. घरी आधी काही ऐकवायचं असेल तर संचालक चार्ल्स मॅकेरस यांनी याच वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेल्या मोझार्टच्या ३८ ते ४१ क्रमांकाच्या सिंफनी लावा.

जागा मात्र क्वीन्स हॉलचीच निवडा. अशर हॉल भव्य आहे, पण क्वीन्स हॉल म्हणजे जुनं चर्च. तिथे वादक इतके जवळ असतात की गज ओढण्याआधी घेतलेला श्वासही दिसतो. बाकं लाकडी आहेत, आईंसाठी उशी न्या.

ओबोप्रेमी
वरच्याशी सहमत, पण नव्या रचनांबद्दलची धास्ती आधी काढून टाका. १९७४मध्ये सुरू झाल्यापासून या मंडळींनी नव्या संगीतकारांकडून सतत लिहवून घेतलंय. ऑर्कनी बेटांवर राहणाऱ्या संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांनी यांच्यासाठी दहा 'स्ट्रॅथक्लाइड कॉन्चेर्टो' (एकल वाद्य पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशा रचना) लिहिले. एक चक्क डबल बाससाठी, एक बासूनसाठी! एरवी मागे बसून आधार देणारा वादक पुढे येऊन एकल वाजवतो, हे दुसरीकडे किती वेळा ऐकायला मिळतं? जेम्स मॅकमिलन यांची तालवाद्यांची 'वेनी, वेनी, इमॅन्युएल' ही रचनाही १९९२मध्ये तालवादक एव्हलिन ग्लेनी यांनी याच वाद्यवृंदासोबत पहिल्यांदा वाजवली. ठेक्यावर प्रेम असणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

लीथची_सांगलीकर
आभार! क्वीन्स हॉल नक्की. पण पहिलीच वेळ म्हणून एखादी छोटी, सोपी रचना सुचवाल? आणि दाद कधी द्यायची?

मंद्रसप्तक
संगीतकार मेंडेल्सोनचं 'हेब्रिडीज' ओव्हर्चर (वाद्यवृंदासाठीची छोटी, एकाच भागाची रचना) कार्यक्रमात असेल तर तेच तिकीट काढा. दहा मिनिटांचं आहे. १८२९मध्ये तो स्कॉटलंडला आला, पश्चिमेकडची बेटं पाहिली आणि सुरुवातीचे स्वर घरच्या पत्रातच लिहून पाठवले. समुद्राची लाट चेलो, व्हायोला आणि बासूनमधून खालून उठते.

दाद सिंफनीच्या चारही भागांनंतर, शेवटी द्यायची. मधल्या थांब्यांत सभागृह शांत असतं, हे आईंना आधी सांगून ठेवा. पण एखाद्या जागेवर त्यांच्या तोंडून हळूच 'वा' निघालं तर थांबवू नका. पुढच्या बाकावरचे वळून बघतील, बघू द्या.