मदत हवी आहे: अंड्याशिवाय बोलिन्हा (गोव्याची रवा-खोबऱ्याची बिस्किटं) करायची आहेत, पण पीठ फुटतंय

नमस्कार मंडळी,

मी म्हापशाला राहते. चवथीला सासरी फोंड्याला जाताना घरी भाजलेली बिस्किटं डबाभर न्यायची आहेत. सासूबाई अंडं अजिबात खात नाहीत. नाताळात आमच्या शेजारच्या आंटीकडून कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, येतं, त्यातला दोदोल (गूळ आणि नारळाच्या रसाची मऊ वडी) सासूबाई आवडीने घेतात, पण बोलिन्हात बलक असतो म्हणून ती तशीच परत झाकून ठेवतात. खोबरं आणि वेलचीचा तो वास घरभर सुटलेला असताना त्यांनी नुसतं बघत बसावं, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. यंदा त्यांच्यासाठीच करायचं ठरवलंय.

माझं प्रमाण असं: बारीक रवा 250 ग्रॅम, साखर 200 ग्रॅम, एका मध्यम नारळाचा चव, तूप 2 मोठे चमचे, वेलची. आंटी यात बलक घालतात, मी तो वगळते. मग गोळा चपटा करून काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढल्या की कडा उलतात आणि उचलताना तुकडा हातात राहतो. दूध घालून मळलं तर पीठ छान गोळा होतं, पण ओव्हनमध्ये बिस्किट पसरतं, नक्षी पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी दाताने तुटत नाही.

बलकाऐवजी काय घालू? तूप बरं की लोणी? या दिवसांत तूप धड घट्टही नसतं, धड पातळही नसतं. आणि एवढ्या दमट हवेत ती डब्यात कुरकुरीत कशी ठेवायची? ओव्हन साधा ओटीजी आहे.

प्रतिसाद: ताई, त्यापेक्षा नानकटाई करा ना. मैदा, बेसन, पिठीसाखर, तूप. अंड्याचा प्रश्नच नाही. फक्त तूप फ्रिजमध्ये ठेवून रवाळ झालं की मगच फेसायला घ्या, पातळ तुपाची नानकटाई पसरते.

धागाकर्ती: धन्यवाद, नानकटाई नक्की करीन. पण या वेळी बोलिन्हाच हवीत, त्यांना तीच खायला घालायची आहेत.

प्रतिसाद: मी मडगावची, आमच्याकडे अंडं न खाणाऱ्या घरांसाठी बिनअंड्याची करतात. बलक पीठ बांधतो आणि स्निग्धपणाही देतो. दुधाने नुसतं पाणी वाढतं. रव्याने ते पुरतं शोषलेलं नसलं की ओव्हनमध्ये साखर विरघळते आणि बिस्किट पसरतं, नंतर पाणी उडालं की दगड होतं. म्हणून दूध बाजूला ठेवा आणि रव्याला वेळ द्या.

साखर 175 ग्रॅमवर आणा. अर्धी वाटी पाणी घालून पाक करा, एकतारीच्या जरा अलीकडे थांबा. खोबरं पाणी न घालता मिक्सरला फिरवून घ्या, लांब कीस राहिला तर कडा तिथेच उलतात. ते पाकात शिजवा, तूप घाला, मग मंद भाजलेला रवा. कढईच्या कडा सुटेपर्यंत परता. तूप गरम पाकातच जातं, त्यामुळे इथे ते घट्ट आहे की पातळ याने फरक पडत नाही. लोणीही चालेल, पण वेलचीसोबत मला तूपच आवडतं.

गार झालं की झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. बाहेर ठेवू नका, पावसाळ्यात ओलं खोबरं आंबतं. सकाळी 2 मोठे चमचे मैदा, 2 मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची, चिमूटभर मीठ घालून मळा. आधी एकच बिस्किट भाजून बघा. फुटलं तर आणखी चमचाभर कंडेन्स्ड मिल्क, पसरलं तर चमचाभर मैदा.

ओटीजी आधी तापवून 160 अंशांवर, मधल्या खणात 20 ते 25 मिनिटं. वरून फिकटच दिसतील, खालची बाजू तांबूस झाली की काढा. गरम असताना मऊ लागतात, ट्रेवरच निवू द्या. पूर्ण निवल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. तरी सादळली तर मंद ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवा. ओल्या खोबऱ्याची आहेत, आठवडाभरात संपवा.

धागाकर्ती: खूप आभार ताई! रवा भाजायलाच घेतलाय. एकच विचारते, माझ्या काळ्या ट्रेमध्ये खालून लवकर करपतं, त्याला काय करू?

प्रतिसाद: काळा ट्रे जास्त तापतो. त्याच्याखाली दुसरा रिकामा ट्रे ठेवा आणि वर बटर पेपर घाला. खालची कॉइल बंद करू नका, बूड कच्चं राहील.