मदत हवी आहे: नाशिकमध्ये आरएनएची रक्ततपासणी कुठे होते? (अर्जंट)

गंगापूर_रोड
आईची आरएनए टेस्ट करायची आहे, मायक्रोआरएनए म्हणतात ती. कॉलेज रोडच्या एका लॅबने "कोविडची आरटीपीसीआर का?" म्हणून विचारलं, दुसरीने "कळवतो" म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. नाशिकमध्ये होते का? की सॅम्पल मुंबईला जातं? खर्च किती येतो? माहिती असलेल्यांनीच लिहा. "डॉक्टरांना दाखवा" लिहू नका, तेवढं कळतं.

सातपूर_शशी
कसली आरएनए टेस्ट? कशासाठी? वय काय? कुणी लिहून दिली?

गंगापूर_रोड
मेंदूची. अर्जंट आहे म्हटलं ना वर.

सातपूर_शशी
ताई, मेंदूची म्हणजे फिट, लकवा, कंपवात की विसरणं? प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

निफाडकर_बागायतदार
आमच्या वडिलांचा एमआरआय मुंबई नाक्याजवळ केला. मशीन चांगलं आहे, पण पार्किंगच्या नावाने बोंब. सकाळी लवकरचा नंबर घ्या.

गंगापूर_रोड
एमआरआय विचारलेलाच नाही! भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने लेख पाठवला. रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून अल्झायमर लवकर कळतो म्हणे. आई 71 वर्षांची आहे. विसरते, संध्याकाळी तर मला "तू कोण" विचारते. भाऊ रोज फोन करून "टेस्ट झाली का" एवढंच विचारतो.

पिपेट_वाली
पूर्वी याच विषयाच्या लॅबमध्ये काम केलंय म्हणून लिहिते. अल्झायमर किंवा पार्किन्सनचं निदान करणारी, सगळ्यांनी मान्य केलेली आरएनए रक्ततपासणी आज रोजच्या वापरात नाही. नाशिकमध्ये नाही तशी न्यू जर्सीतही नाही. भावाचा लेख खोटा असेलच असं नाही, पण तो संशोधनाबद्दल असणार. मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा साधारण 22 न्यूक्लिओटाइडचा (म्हणजे 22 कड्यांचा) छोटा तुकडा, कोणत्या जनुकाचं प्रोटीन किती बनू द्यायचं ते आवरतो. त्यांना मिर-अमुक असे नंबर असतात; मिर-124 चेतापेशींत भरपूर असतो. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत मिर-132 कमी झालेला वेगवेगळ्या गटांना दिसलाय, पण तो मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत. रक्तातले आकडे एका लॅबचे दुसरीशी जुळत नाहीत. कुणी प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्ताचं पाणी) घेतं कुणी सीरम (गोठल्यावर उरलेलं), आणि कशाच्या तुलनेत मोजायचं यावरही एकमत नाही.

निवृत्त_मास्तर
आम्ही बारावीला जीवशास्त्र शिकवलं. आरएनए हा अत्यंत नाजूक रेणू, रक्तातली एन्झाइम्स त्याचा लगेच फडशा पाडतात. तो रक्तात सापडतो हीच मुळात थाप वाटते. लॅबवाल्यांचे धंदे.

पिपेट_वाली
मास्तर, उघडा आरएनए तुटतो हे बरोबर. पण मायक्रोआरएनए रक्तात उघडा फिरत नाही. आर्गोनॉट नावाच्या प्रोटीनला चिकटलेला असतो, नाहीतर एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या बारीक पिशवीत असतो, म्हणून टिकतो. थाप असती तर मायक्रोआरएनए शोधणाऱ्या ॲम्ब्रोस आणि रव्हकुन यांना 2024 चं नोबेल कशाचं मिळालं?

निवृत्त_मास्तर
नोबेल कृमींवरच्या कामाला मिळालं. माणसाच्या रक्ततपासणीला नव्हे.

पिपेट_वाली
ते मान्य, त्यांचं 1993 चं मूळ कामही कृमींवरचंच. पण टिकतो हे मोजून बघितलेलं आहे. खरी डोकेदुखी वेगळी आहे. सुई नीट लागली नाही आणि तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातला मिर-451 आणि मिर-16 सॅम्पलमध्ये उतरतो आणि सगळे आकडे बिघडतात. आजार मोजतोय की रक्त काढणाऱ्याचा हात, हेच कळत नाही. एवढ्या नळ्या फेकून देणारी लॅब मी दुसरी पाहिली नाही.

डेटा_दादा
आरएनए सोडा, पी-टाऊ 217 करा. अमेरिकेत मे 2025 मध्ये अशा रक्ततपासणीला एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, परवानगी दिली. 55 च्या पुढच्या, लक्षणं असलेल्यांसाठी. मी माझ्या सासऱ्यांची केली, विषय संपला.

पिपेट_वाली
ती प्रोटीनची टेस्ट आहे, आरएनएची नाही. आणि मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रोटीन) साचलंय का एवढंच ती सुचवते. आत्ताचा गोंधळ त्यानेच होतोय का, हे त्यातून कळत नाही.

डेटा_दादा
काहीच न करण्यापेक्षा बरी ना. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीला "संशोधन चालू आहे" म्हणता.

पंचवटी_आजी
ब्राह्मीचं तूप द्या, रोज सकाळी. माझ्या नणंदेला गुण आला.

कुंभ_2027
अवांतर: तोच एफडीए का ज्याने लसी पास केल्या? त्यापण आरएनएच्याच होत्या ना?

सिडको_फार्मा
धागा भरकटतोय. ताई, तीन गोष्टी सांगा. विसरणं कधीपासून आहे? मधे पडल्या होत्या का? गोळ्या कोणत्या चालू आहेत? डबीवरची नावं जशीच्या तशी टाका.

गंगापूर_रोड
दिवाळीपर्यंत ठणठणीत होती, फराळ स्वतः केला. आता महिना झाला असं. पडली नाही. बीपीची गोळी दिवाळीनंतर बदलली, टेल्मिसार्टन आणि क्लोर्थालिडोन. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून ऑक्सिब्युटिनिन चालू आहे. याचा आरएनएशी काय संबंध?

सिडको_फार्मा
आरएनएशी नाही, आईशी आहे. दिवाळीत फराळ करणारी बाई महिन्याभरात मुलीला ओळखेनाशी होते, ही अल्झायमरची चाल नाही. तो वर्षानुवर्षं हळूहळू येतो. क्लोर्थालिडोनने वयस्कर माणसांचं, त्यातून बायकांचं, सोडियम घसरतं आणि माणूस बरळायला लागतो. ऑक्सिब्युटिनिनने म्हाताऱ्यांचा गोंधळ वाढतो हेही जुनंच माहीत असलेलं आहे. उद्याची वाट न बघता आज सोडियम-पोटॅशियम करा. ही गल्लीतली लॅबही करते, रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. सोबत बी12, थायरॉइड, लघवीची तपासणी. गोळ्या मनाने बंद करू नका, रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा. "डॉक्टरांना दाखवा" लिहू नका म्हणालात, तरी लिहितोय.

निवृत्त_मास्तर
हे पटलं. मात्र मेंदूच्या आजारात आरएनए तपासत नाहीत असं पिपेटताईंनी सरसकट म्हणणं चूक. जपानी मेंदूज्वरात पाठीतल्या पाण्यात आरएनए शोधतात.

पिपेट_वाली
सरसकट कुठे म्हटलं? तिथे विषाणूचा आरएनए शोधतात, इथे रुग्णाचा स्वतःचा. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक.

गंगापूर_रोड
सोडियम 119 आलं, फारच कमी. लॅबवाल्याने स्वतः फोन केला. फिजिशियनने ॲडमिट केलंय, दोन्ही गोळ्या थांबवल्या. विसरणं किती जाईल ते नंतर बघू म्हणाले, बरं झाल्यावर स्मरणशक्तीची तपासणी पुन्हा करणार आहेत. भावाला रिपोर्ट पाठवला तर म्हणतो, मग आरएनए कधी?

पंचवटी_आजी
सोडियम म्हणजे मीठच ना? मग डब्यात लोणचं-पापड द्या की.

सिडको_फार्मा
आजी, नको. सोडियम झपाट्याने वर गेलं तर मेंदूला वेगळीच इजा होते. म्हणून दवाखान्यात दर काही तासांनी रक्त तपासून सावकाश वाढवतात. ताई, घरचा डबा नेण्याआधी आणि पाणी किती द्यायचं हे नर्सला विचारून घ्या. आणि भावाला पिपेटताईंचा पहिला प्रतिसाद पाठवा.