सुट्टीच्या दिवशी भर दुपारी सोलरचे इन्व्हर्टर ओव्हर-व्होल्टेजवर ट्रिप होतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दोन महिने डोकं खाऊन झालंय म्हणून शेवटी धागा काढतोय. आमच्या कारखान्याच्या छतावर ४८० किलोवॅटचा सोलर प्लांट आहे, ६० किलोवॅटचे ८ इन्व्हर्टर, सगळे एका एसी पॅनलला येतात आणि तिथून आमच्याच ६३० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमधून ११ केव्हीच्या फीडरवर. जास्तीची वीज बाहेर द्यायची परवानगी रीतसर घेतलेली आहे, तो प्रश्न नाही.

कामाच्या दिवशी सगळं गुमान चालतं. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद आणि ऊन कडक, म्हणजे खरं तर तेव्हाच सगळी वीज बाहेर जायला पाहिजे, तर साडेअकराच्या सुमारास ८ नंबरचा इन्व्हर्टर ग्रिड ओव्हर-व्होल्टेज दाखवून बंद पडतो. ५ मिनिटं थांबतो, परत चालू होतो, हळूहळू लोड उचलतो आणि फुल लोडवर आला की पुन्हा आडवा. थोड्या वेळाने ६ आणि ७ पण तोच खेळ सुरू करतात. १ ते ५ ला मात्र आजवर एकदाही काही झालेलं नाही. ६, ७, ८ मागच्या शेडवर आहेत, त्यांची केबल लांबून येते, एवढाच काय तो फरक.

इन्स्टॉलर म्हणतो तुमच्याकडे येणारं व्होल्टेजच जास्त आहे, हवं तर इन्व्हर्टर ज्या व्होल्टेजला बंद होतो ते लिमिट २५३ वरून २६४ करून देतो, पाच मिनिटांचं काम. वीज कंपनीचा माणूस म्हणतो आमचे ११ केव्ही एकदम बरोबर आहेत, तुमचं तुम्ही बघा. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मी मधल्या मधे. मी मेकॅनिकलवाला, पंप-बेअरिंग विचारा, हे व्होल्टेजचं प्रकरण मला डोळ्याला दिसत नाही त्यामुळे कोण खरं बोलतंय तेच कळत नाही. लिमिट वाढवून टाकू का?

प्रतिसाद:
लिमिटला हात लावू नका. ती सेटिंग इन्व्हर्टरमध्ये असली तरी तुमच्या मालकीची नाही, ग्रिड कोडची, म्हणजे ग्रिडला जोडायच्या नियमांची आहे, जोडणीच्या मंजुरीत ती लिहिलेली असते आणि कमिशनिंगच्या वेळी तपासलेली असते. २३० च्या वर १० टक्के म्हणजे २५३, हा आकडा कोणी उगाच ठरवलेला नाही. आणि २६४ तुमच्या इन्व्हर्टरला झेपेल हो, पण त्याच पॅनलवरच्या ड्राइव्ह, कंट्रोल पॅनल, लाइटचे बॅलास्ट यांचं काय?

प्रतिसाद:
अगदी एवढंही पवित्र नसतं ते. अमेरिकेच्या आयईईई १५४७ या ग्रिड-जोडणीच्या मानकात २००३ साली व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं की १ सेकंदात ग्रिडपासून सुटा असं होतं, २०१८ च्या आवृत्तीत तिथे साधारण २ सेकंद झाले आणि १२० टक्क्यांना ०.१६ सेकंद. जर्मनीत तर ग्रिडची फ्रीक्वेन्सी ५० वरून ५०.२ हर्ट्झला गेली की सगळे सोलर एकदम बंद होतील असे सेट केलेले होते, मग लक्षात आलं की एवढं सगळं एका झटक्यात सुटलं तर ग्रिडच बसेल, म्हणून २०१२ मध्ये नियम काढून जुने प्लांट बदलायला लावले. म्हणजे आकडे बदलतात, पण बदलणारा ग्रिडवाला असतो, आपला इन्स्टॉलर नाही. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेलं तेही व्होल्टेज चढत जाऊन एकामागून एक जनरेशन सुटल्यामुळेच. असो, विषयांतर झालं. धागाकर्ते, मोजमाप टाका. सुट्टीच्या दिवशी ट्रिप व्हायच्या जरा आधी, एकाच वेळी, एसी पॅनलच्या बसबारवर (सगळ्या केबल जिथे येऊन जोडतात ती पट्टी) आणि ६, ७, ८ च्या टर्मिनलवर, तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज. केबलचा साइज, लांबी आणि ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर काय लिहिलंय तेही.

धागाकर्ता:
इलेक्ट्रिशियनला घेऊन आज मोजलं. बसबारवर तिन्ही फेज २४६. इन्व्हर्टर ६ आणि ७ वर तिन्ही फेज २५३. ८ वर आर आणि वाय २५३ पण बी फेज २५५. केबल ९५ स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियम, २४० मीटर. पुढच्या इन्व्हर्टरची ४० मीटर. नेमप्लेट ११०००/४३३, खाली पाच टॅपचा, म्हणजे वेढे कमी-जास्त करायच्या पायऱ्यांचा तक्ता आहे, १ समोर ११५५०, ३ समोर ११०००, ५ समोर १०४५०. सध्या ३ वर आहे. कामाच्या दिवशी लोड असताना बसबारवर २३६ च्या आसपास असतं.

प्रतिसाद:
वा, यातच सगळं आलं. दोघंही खोटं बोलत नाहीयेत, पण दोघंही अर्धंच सांगतायत.

४३३ हे दोन फेजमधलं व्होल्टेज, न्यूट्रलशी किती ते काढायला १.७३२ ने भागा, २५० येतात. म्हणजे ११ केव्ही अगदी बरोबर असलं तरी लोड नसताना हा ट्रान्सफॉर्मर बसबारवर २५० च्या आसपास देणार, तो बनवतानाच तसा बनवलाय, कारण लोड आला की व्होल्टेज पडतं आणि ते गृहीत धरून आधीच वर ठेवलेलं असतं. सोलर लावताना हे कोणी बघितलंच नाही. आता उलटं झालंय, करंट इन्व्हर्टरकडून ट्रान्सफॉर्मरकडे वाहतोय, त्यामुळे केबलमधला ड्रॉप वजा होत नाही, वर चढतो. ९५ अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर किलोमीटरला ०.३९ ओहमच्या आसपास, २४० मीटरला ०.०९४, त्यातून ८० अँपिअर गेले की साडेसात व्होल्ट. २४६ अधिक साडेसात, झाले २५३. पुढच्यांना जेमतेम सव्वा व्होल्ट चढतं म्हणून ते निवांत आहेत.

उपाय टॅप. ३ वरून २ वर घ्या, म्हणजे ११२७५. एचटीचे (११ केव्हीच्या बाजूचे) वेढे वाढले की एलटीचं (तुमच्या पॅनलच्या बाजूचं) व्होल्टेज कमी होतं, इथे बरेच जण उलटं करतात, नंबर बघून नाही तर नेमप्लेट बघून ठरवा. २४६ चे २४० होतील. कामाच्या दिवशी २३६ चे २३०, म्हणजे मोटारींना काही त्रास नाही. थेट १ वर जाऊ नका, तिथे २२५ पर्यंत येईल आणि लांबच्या मोटारी जास्त करंट ओढतील. आणि हा ऑफ-सर्किट टॅप आहे, म्हणजे वीज बंद करूनच बदलायचा, चालू ट्रान्सफॉर्मरवर हँडल फिरवलं तर तिथेच आर्क होऊन वाट लागेल. एचटी बंद, सोलरचे सगळे आयसोलेटर बंद, अर्थिंग, मगच. परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

आता ८ चा बी फेज. केबल तीच, लांबी तीच, मग २ व्होल्ट जास्त कशाला? २ गुणिले ८० म्हणजे १६० वॅट कुठल्या तरी एका जोडावर जळतायत, पाच-सहा सोल्डरिंग आयर्न एकाच लगला (केबलच्या टोकाला दाबलेल्या जोडाला) लावल्यासारखं. टॅपच्या आधी हे बघा, उद्याच.

प्रतिसाद:
एक भर. कोणी सांगेल इन्व्हर्टरला रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करता नुसती ये-जा करणारी, केव्हीएआरमध्ये मोजतात ती) खायला लावा, व्होल्टेज उतरेल. ट्रान्सफॉर्मरवर दोन-तीन व्होल्ट उतरतील, पण तुमच्या केबलमध्ये रेझिस्टन्सच जास्त आणि रिअॅक्टन्स नगण्य, तिथे अर्धा व्होल्टही हलणार नाही. वर पॉवर फॅक्टरची (एकूण विजेतला खऱ्या कामाचा वाटा) बोंब होईल ती वेगळी. तसंही सोलर लागलं की मीटरवरचा पॉवर फॅक्टर बिघडतोच: लोड ५०० किलोवॅट आणि १६५ केव्हीएआर असेल तर ०.९५, त्यातले ४०० सोलरने दिले की बाहेरून फक्त १०० येतात पण केव्हीएआर तेवढेच, थेट ०.५२. हे केव्हीएआर भरून काढणाऱ्या कपॅसिटर पॅनलचा सीटी (करंट मोजणारा सेन्सर) सोलरच्या कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा.

धागाकर्ता:
उशिरा अपडेट देतोय, माफ करा, शटडाऊन मिळायला दहा दिवस गेले. ८ चा बी फेज दुसऱ्याच दिवशी उघडला. एसी पॅनलच्या बाजूला अॅल्युमिनियमच्या केबलला साधा तांब्याचा लग दाबलेला, बाकी दोन फेजना बायमेटल (दोन्ही धातू जोडणारे) होते. स्लीव्ह वितळून चॉकलेटी झालेली आणि हाताने लग हलत होता, चक्क हलत होता. केबल तेवढी कापून नवीन बायमेटल लग मारला.

टॅप काल २ वर घेतला. आज सुट्टी, ऊन कडक, साडेअकरापासून मी ८ नंबरसमोरच स्टूल टाकून बसलो होतो. बसबार २४०, ६, ७, ८ तिन्हीवर तिन्ही फेज २४७. तीन वाजेपर्यंत एकही ट्रिप नाही. सीटीचं म्हणाल तर पॅनल उघडून बघितलं, तो फक्त लोडच्या बाजूला आहे, सोलरचा करंट त्यातून जातच नाही. हे बरोबर आहे की चूक?

प्रतिसाद:
बरोबर आहे. तिथे लोडचे केव्हीएआर खरे दिसतात, त्यामुळे कपॅसिटर नीट लागतात. हलवू नका.