मदत हवी आहे: मॅग्नित्स्की प्रकरणातला कर-परतावा एका दिवसात मंजूर कसा झाला?

रशियन करकायदा जाणणाऱ्यांनी कृपया मदत करा.

जून २००७ मध्ये मॉस्कोत हर्मिटेज कॅपिटल या गुंतवणूक कंपनीवर पोलिसांचा छापा पडला. तीन उपकंपन्यांचे शिक्के आणि नोंदणीची मूळ कागदपत्रं नेली. पुढे त्याच कंपन्या परक्या नावांवर गेल्या. प्रमुखपदी आधी शिक्षा झालेला इसम. मग मागच्या तारखांचे बनावट करार, त्यांवर दावे. कंपन्यांच्या वतीने उभ्या राहिलेल्या वकिलांना खऱ्या मालकांनी नेमलंच नव्हतं, आणि त्यांनी कोर्टात सरळ देणं कबूल केलं! कागदावर २००६ चा नफा शून्य झाला. मग भरलेला कर परत मागणारा अर्ज २४ डिसेंबरला, त्याच दिवशी मंजुरी: ५.४ अब्ज रूबल, सुमारे २३ कोटी डॉलर. हे उघड करणारे हर्मिटेजचे करसल्लागार सर्गेई मॅग्नित्स्की नोव्हेंबर २००९ मध्ये कोठडीतच वारले. फार संताप येतो.

अडतंय ते इथे:

१. विवरणपत्राच्या कार्यालयीन तपासणीला तीन महिन्यांची मुदत असते. ती पूर्ण होण्याआधी परतावा देता येतो का?

२. निकाल २००७ चे, कर २००६ चा. तोटा मागच्या वर्षात टाकायला करारांची जुनी तारीख पुरते?

३. शिक्के हिसकावून कंपनी बळकावण्याला रशियनमध्ये ‘रेडरस्त्वो’ म्हणतात. मराठीत नेमका शब्द कोणता? ‘ताबा घेणे’ फारच मवाळ वाटतं.