वाढत्या वयातील विस्मरण आणि ड जीवनसत्त्वाची पुडी

प्रश्न (रावपुरा, बडोदे)
माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. वर्षभरात त्यांचे विस्मरण वाढले आहे. ड जीवनसत्त्व १४ नॅनोग्रॅम निघाल्याने डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे घ्यायला सांगितली. ती मुदत संपली, पण स्मरणशक्ती सुधारेल या आशेने घरातल्यांना ती पुढेही चालू ठेवायची आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर १ (कारेलीबाग)
ताई, कमतरता होती, ती भरून काढणे आवश्यकच होते. हाडे आणि स्नायू यांच्यासाठी त्याचा उपयोग निश्चित आहे. मेंदूविषयी मात्र आशा पुराव्याच्या पुढे धावते आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १,६५८ वृद्धांपैकी ज्यांच्यात हे जीवनसत्त्व फारच कमी होते, त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुपटीने अधिक आढळला, आणि तेव्हापासून ही समजूत बळावली. परंतु ज्याची प्रकृती खालावते तो घराबाहेर कमी पडतो, ऊन कमी मिळते आणि पातळी घसरते. म्हणजे कमतरता हे आजाराचे कारण नसून परिणामही असू शकते. हा गुंता सोडवण्यासाठी खरी गोळी आणि औषध नसलेली खोटी गोळी यांची तुलनाच करावी लागते. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २,००० युनिट दिले गेले. त्यातील स्मरणशक्ती तपासलेल्या वृद्धांमध्ये बौद्धिक ऱ्हास एकंदरीत मंदावलेला दिसला नाही.

उत्तर २ (अलकापुरी)
वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझी खरी काळजी पुडीची आहे, कारण औषधाच्या दुकानात ती सहज मिळते आणि अनेक घरांत ती वर्षानुवर्षे चालू राहते. मात्रा फार झाली की रक्तातील कॅल्शियम वाढते, तहान व बद्धकोष्ठता वाढते, आणि गोंधळलेपणाही येतो, जो घरच्यांना विस्मरणच वाटतो. विस्मरणाचे कारण शोधायचे तर बी१२ आणि थायरॉइड आधी पाहावे. सासूबाई शाकाहारी असतील किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील, तर बी१२ कमी असण्याची शक्यता वाढते, आणि ती कमतरता भरून निघाली की काहींचे विस्मरण खरोखरच कमी होते. कमी ऐकू येणे आणि रात्रीची झोपेची गोळी यांचाही विचार व्हावा.

प्रश्नकर्ती
सासूबाई शाकाहारी आहेत, मेटफॉर्मिनही चालू आहे, आणि बी१२ आजवर तपासलेले नाही. पुडी थांबवली आहे. कॅल्शियम, बी१२ आणि थायरॉइड या तिन्ही तपासण्या एकाच वेळी करून घेता येतील का?

उत्तर १
हो, तिन्ही एकाच वेळच्या रक्तातून होतात. ड जीवनसत्त्वाची पुढील रोजची लहान मात्रा अहवाल पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्या.